दवाखाना हलतोय म्हणं!

"अवो बाई, ऐकलं का न्हाई? दवाखाना हलतोय म्हणं!"

आमच्याकडं 'हलतोय' हा शब्द जपून वापरतात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या धक्क्यानं अंथरुणातून अंगणात धावलेली माणसं कडेगावात अजून आहेत, आणि शेजारच्या अक्का त्यांतल्याच एक. फडताळातली भांडी नुसती किणकिणली तरी त्या आधी दार गाठतात. त्यांच्याच तोंडून हा शब्द आला म्हटल्यावर मी हातातलं धुणं न झटकताच दोरीवर टाकलं आणि भिंतीपाशी गेले.

आमच्या आणि त्यांच्या परड्याच्या मधे छातीएवढी दगडी भिंत आहे. कुणी बांधली ते आता कुणालाच ठाऊक नाही, पण बायकांचं माप घेऊनच बांधलेली दिसते. कोपर टेकता येतं, आमटीची वाटी सरकवता येते, आणि घरातून नको ती हाक आली तर खाली वाकून नाहीसंही होता येतं. शेवगा त्यांच्याकडं, शेंगा आमच्याकडं. यावरून एकदा आठ दिवस बोलाचाली बंद होती. मग अक्कांना बीपीची गोळी संपल्याचं रात्री नऊला आठवलं आणि भिंत पुन्हा चालू झाली.

"कोण म्हणालं?"

"दूधवाला."

"त्याला कुणी सांगितलं?"

"मेडिकलातल्या पोरानं. आन् त्येला म्हणं खुद्द कंपाउंडर बोलला. मंग? झाली का न्हाई खरी?"

झाली. आमच्या गल्लीत तीन तोंडं फिरून आलेली बातमी खरीच धरतात. चौथ्या तोंडाला तिला शेपूट फुटतं, तेवढं तोडून घ्यायचं.

आता ज्यांचा दवाखाना त्या डॉक्टरांचं नाव मी सांगत नाही. गावात ते कुणी घेतही नाही, 'डाक्टर' म्हटलं की तेच. ते आले तेव्हा कडेगाव तालुका नव्हता. आम्ही खानापूर तालुक्यातले होतो आणि साध्या दाखल्यासाठीही विट्याची वाट धरायला लागायची. पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या खालच्या सोप्यात त्यांनी टेबल मांडलं ते आजतागायत. आत दोन खाटा, एक हिरवा पडदा, आणि बाहेर लाकडाचं लांबलचक बाकडं. बाकड्याचा एक पाय आखूड, त्याखाली औषधाचा रिकामा खोका घडी करून सारलेला. खोका दर पावसाळ्यात बदलतात, पाय कुणी बदलत नाही.

"कुठं चाललाय म्हणे?"

"हायवेला. पार पल्याड!"

गुहागरहून निघून कराडवरून आमच्या अंगावरनं विट्याकडं आणि पुढं विजापूरला जातो तो हा रस्ता. पूर्वी त्याला आम्ही कराडची सडक म्हणायचो. सडक होती तोवर ती कुत्रीसुद्धा निवांत ओलांडायची. हायवे झाल्यापासून माणसांनाही तिथं दोन्हीकडं बघत उभं राहावं लागतं, आणि म्हाताऱ्यांनी तर कुणाचा तरी हात धरूनच जावं.

"कशापायी पर?" अक्का माझ्याकडंच विचारायला लागल्या, जणू मीच हलवतेय. "कुणी म्हणतं, वाड्याच्या धन्याला वाडा इकायचाय. पुण्यात असतोय न्हवं त्यो. कुणी म्हणतं, डाक्टरचा ल्योक मोठा शिकून आलाय, त्येला एक्सरेचं मशीन बसवायचंय, आन् वाड्याची तुळई त्येचा भार सोसंना."

"एक्सरे खालच्या सोप्यात बसवायचा, तुळई कशाला सोसायची?"

"त्ये म्या काय इंजिनेर हाय?"

एवढ्यात पलीकडून खोकला आला. अक्कांचे मालक, म्हणजे तात्या, परड्यातल्या बाजेवर पडून होते. तात्यांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. गावं त्यांना तिकिटाच्या पैशांवरून आठवतात, आणि बायकांच्या बोलण्यात आपण लक्ष घालत नाही असं दाखवायची त्यांची रीत म्हणजे आधी खोकायचं.

"जाऊ द्या की हायवेला," ते बाजेवरूनच म्हणाले. "किती लांब हाय? पेठेतनं एक-दीड किलोमीटर. टप्पासुद्धा भरत न्हाई."

"तुमचा टप्पा भरत न्हाई," अक्का मागं न बघता म्हणाल्या, "आन् माझा गुडघा भरतोय!"

त्यानंतर त्या माझ्याकडं वळल्या आणि आवाज बारीक केला. भिंतीवर आवाज बारीक झाला की खरं बोलणं सुरू होतं.

"बाई, आत्ता कसंय? मला वाटलं की म्या जाते. काठी घ्यायची, दोनशे पावलं. वाटंत देवळाच्या कट्ट्यावर टेकायचं. शुगर तपासून घ्यायची, दोन बायका भेटत्यात, घरी यायचं. सुनंला ठावं बी न्हाई. हायवेला गेला म्हंजे? आधी ल्योकाला इचारायचं, गाडी मोकळी हाय का. त्यो म्हणणार, ऐतवारी. ऐतवारी डाक्टर नसतोय. मंग सुनंला इचारायचं. ती म्हणणार, परवा तर दाखवलं की, आता काय झालं? मंग मला सांगायला लागणार की काय झालं. सगळंच कसं सांगायचं वो?"

मी गप्प झाले. चौतीस वर्षं मी पोरांना अंतराची गणितं घातली, पण अंतर असं मोजायचं असतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दोनशे पावलं आणि दीड किलोमीटर यांच्यामध्ये खरी मोजायची गोष्ट म्हणजे किती जणांना विचारावं लागतं. पेठेत शून्य. हायवेला दोन, आणि त्यांतला एक मोटरसायकलसकट.

सरकारच्या हिशेबातही हे बसत नाही. नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीनं 1946 साली या देशाच्या आरोग्याचा आराखडा लिहिला. पहिल्या टप्प्यात 40,000 वस्तीला एक प्राथमिक केंद्र असावं, असं त्यात होतं. आज सपाटीच्या मुलखात 30,000 माणसांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 5,000 मागं एक उपकेंद्र असा निकष आहे. तो आकडा गाठायलाच किती वर्षं गेली. त्याला नावं ठेवायची नाहीत मला. पण निकषात माणसं आहेत, गुडघे नाहीत. आणि खाजगी डॉक्टरनं कुठं बसावं याला तर निकषच नाही, जिथं भाडं परवडेल तिथं.

"काय खलबतं चाललीत?" समोरच्या वहिनी विरजणाची वाटी मागायला आल्या. वाटी म्हणजे निमित्त, त्यांच्या फ्रीजमध्ये दह्याचा डबा मी सकाळीच पाहिला होता.

अक्कांनी बातमी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. या खेपेला डॉक्टरांचा मुलगा 'मोठा शिकून आलेला' होता तो 'परदेशातनं शिकून आलेला' झाला. शेपूट फुटायला लागलं होतं.

वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं की मग!"

अक्कांनी कपाळावरचा पदर मागं सारला. हे लक्षण बरं नसतं.

"अक्का, रागावू नका. पर माझ्या धाकट्याला तापात आकडी आली त्या रात्रीचं आठवतंय का? दुसऱ्या दिवशीचा बाजार, रात्रीच गाड्या येऊन पेठंत आडव्या लागलेल्या. 108 ला फोन केला. गाडी वेळेवर आली, त्यांचा काय दोष न्हाई. पर पेठंच्या तोंडालाच थांबली. आत शिरायला जागाच न्हवती. ह्येंनी पोराला खांद्यावर टाकलं आन् बटाट्याच्या पोत्यांवरनं उड्या मारत पळाले. म्या मागं अनवाणी. हायवेला दवाखाना असता तर दारात गाडी लागली असती का न्हाई? तवापासनं म्या म्हणते, दवाखाना रस्त्याला पायजे."

हे खोटं नव्हतं. त्या रात्री आम्ही सगळ्याच दारात उभ्या होतो. 108 ची गाडी महाराष्ट्रात 2014 पासून सुरू झाली, फोन फुकट, गाडी फुकट, पण गल्ल्यांची रुंदी ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यापुढं बैलगाडी होती, तीही एकच.

"पोरगं बरं झालं न्हवं?" अक्का जरा नरमल्या.

"झालं. पर पेठंतल्या डाक्टरनं बी काय केलं? ताप उतरवला, एक इंजेक्शन दिलं, आन् म्हणाला कराडला न्या. कराडला जायला परत हायवेच धरायचा!"

बाजेवरून खोकला आला, लांबलचक. म्हणजे तात्यांना आता राहवत नव्हतं.

"दवाखाने हलत्यातच," ते उठून बसत म्हणाले. "मिरजेचं मिशन हास्पिटल म्हायती हाय न्हवं? आमची गाडी मिरजेला लागली की निम्मी एसटी तितं रिकामी व्हायची. हातात एक्सरेची पाकिटं, डोक्याला फडकी. तर त्यो वानलेस डाक्टर 1889 साली आला, त्यो मिरजेला न्हाईच. आधी सांगलीत आला. दवाखाना सांगलीतच काढला. पर मोठं बांधायचं म्हणलं तवा जागा दिली मिरजेच्या संस्थानिकानं. झालं, 1892 ला बिऱ्हाड उचललं आन् मिरजेला. 1894 ला हास्पिटल उभं ऱ्हायलं. पुढं मुलूखभरातनं माणसं याया लागली, मोतीबिंदू काढायला, पोटं कापून घ्यायला. अजून कुणाला बरं नसलं की लोक म्हणत्यात, मिरजेला न्या. हललं म्हणून मोठं झालं!"

तात्यांनी विजयानं आमच्याकडं पाहिलं. त्यांचं खरं होतं. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या वानलेसवाडीला त्याच डॉक्टरांचं नाव आहे.

अक्कांनी शेवग्याची एक शेंग तोडली, वाकवून पाहिली, निबर निघाली, टाकली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पर ज्या दिवशी त्यानं सांगलीतनं टेबल उचललं, त्या दिवशी सांगलीतल्या म्हाताऱ्या काय म्हणाल्या, ते कुणी लिव्हून ठिवलंय का?"

तात्या पुन्हा आडवे झाले.

मला माझ्या ठाण्याच्या भाचीची आठवण झाली. हे मी सांगायला नको होतं खरं तर, सकाळच्या उन्हात असल्या गोष्टी बऱ्या वाटत नाहीत. पण तोंडातून गेलंच. ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल जुनं झालं म्हणून पाडून तिथं नवं टोलेजंग बांधायचं ठरलं, आणि तोवरचा कारभार 2023 मध्ये मनोरुग्णालयाच्या आवारात हलवला. कारण चांगलंच होतं. पण ज्यांना सिव्हिलची सवय होती त्यांतले बरेच तिथं न जाता कळव्याच्या महापालिकेच्या रुग्णालयाकडं वळले. तिथं गर्दी मावेना. त्याच ऑगस्टमध्ये कळव्याला चोवीस तासांत 18 रुग्ण दगावले. कारणं पुष्कळ सांगितली गेली, बरेच जण उशिरा आणलेले होते असंही म्हणाले. पण सिव्हिल हलल्यावर तिथला भार वाढला, हेही त्यांत होतं. भाची त्याच भागात राहते. ती म्हणाली, मावशी, नवीन इमारत कधी होणार ते फलकावर होतं, तोवर आम्ही कुठं जायचं ते कुणी नीट सांगितलं नाही.

कुणीच काही बोललं नाही. वहिनींनी वाटी या हातातून त्या हातात घेतली.

"ती मोठ्या शहराची गोष्ट," त्या शेवटी म्हणाल्या.

"कोल्हापूरचंच घ्या," मी म्हटलं, कारण विषय बदलायला दुसरं गाव हवंच होतं. "सीपीआर हॉस्पिटल भर गावात, एसटी उतरून चालत जाता येतं. आता शेंडा पार्कात 1100 खाटांचं बांधतायत. तिथं जागा मोठी, पण गावाच्या टोकाला."

"मंग सीपीआर बंद?"

"बंद म्हणत नाहीत."

"बंद म्हणत न्हाईत, पर मशीन तिकडं, मोठा डाक्टर तिकडं, आन् हितं ऱ्हाणार मलमपट्टी," अक्का म्हणाल्या. त्या कोल्हापूरला ज्योतिबासाठी सोडून कधी गेलेल्या नाहीत, पण कारभार त्यांना घरातल्यासारखा कळतो. "आमच्या खानापुराचं तसंच न्हवं का? तालुक्याचं नाव खानापूर आन् कचेरी विट्यात!"

हा टोला मला आवडला. आमच्या भागाला असल्या स्थलांतराची सवयच म्हणायची. आमचा मुलूख आधी साताऱ्यात होता. 1949 ला दक्षिण सातारा झाला, 1960 ला त्याचं सांगली झालं, मग खानापुरातनं निघून आमचा वेगळा कडेगाव तालुका झाला. माणसं जागच्या जागी, कचेऱ्या फिरतायत. दवाखाना तेवढा जागेवर होता.

"सरकारी दवाखाना हाय की," वहिनी म्हणाल्या. "फुकट हाय सगळं आता."

ते बरोबर आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. सिस्टर बऱ्या आहेत, लसी तिथंच घेतो सगळे, बाळंतपणं होतात. आशाताई तर अक्कांच्या माहेरची, दारावर येऊन गोळ्या संपल्या का विचारते. मग अक्का तिथं का जात नाहीत?

"जाते की. पर तितं डाक्टर बदलतोय. नवा आला की पयल्यापासनं सांगा, काय होतंय, कधीपासनं होतंय, घरात कुणाला हाय का. ह्येला मला बघितलं की कळतंय. परवा नुसतं तोंड बघून म्हणाला, अक्का, उसाचा रस प्याला का?"

"प्यायला होतात?"

"एकच ग्लास!"

आमच्याकडं शुगर ही पाण्याबरोबर आली, असं माझं मत आहे, आणि ते शास्त्राला धरून नाही हे मला माहीत आहे. पूर्वी इथं ज्वारी, शाळू, हुलगा. पाऊस नसला की तेही नाही. मग ताकारीचं पाणी आलं, टेंभूचं आलं, कृष्णा उचलून वर आणली आणि माळावर ऊस उभा राहिला. वांगीला सोनहिरा कारखाना आला. पैसे आले, घरं स्लॅबची झाली, बैल गेले, चालणं गेलं. डॉक्टरांच्या बाकड्यावर आधी हगवण आणि नारूच्या आठवणी सांगणारे बसायचे, आता शुगरवाले बसतात. तुमची किती, माझी किती. दोनशेच्या वरची सांगताना आवाजात जरा अभिमानसुद्धा असतो.

आणि ते बाकडं! वहिनींना कळत नाही, अजून चाळीसच्या आहेत. डॉक्टरकडं बाई जाते ती औषधाला जाते असं नवऱ्यांना वाटतं. त्या बाकड्यावर लग्नं जमली आहेत. एका सुनेचा छळ चाललाय हे तिथंच आधी कळलं, आणि तिच्या माहेरी निरोपही तिथूनच गेला. नंबर लावून बसलेल्या बाईला कुणी 'इथं काय करतेस' असं विचारत नाही. देवळातही फार वेळ बसलं तर विचारतात. आमच्या पेठेत पुरुषांना पार आहे, हॉटेल आहे, सोसायटीच्या पायऱ्या आहेत. बायकांना ते आखूड पायाचं बाकडं.

"अर्ज करू या," अक्का एकदम म्हणाल्या. "तुमी लिव्हा, बाई. म्या अंगठे गोळा करते."

"कुणाकडं करायचा?"

"ग्रामसभेत मांडू."

"अक्का, नगरपंचायत झाल्यापासून ग्रामसभा कुठं उरली?"

"मंग नगरसेवकाकडं. सतरा हायेत की! एक तरी घरी सापडंल."

"सापडेल. पण डॉक्टर काय सरकारचा नोकर आहे का? त्याचा दवाखाना, त्याचे पैसे. तो म्हणेल मला कोरेगावला जायचंय, तर जाईल."

अक्का विचारात पडल्या. ज्याच्याकडं आपण तीस वर्षं हक्कानं जातो त्याच्यावर आपला कागदोपत्री काडीचा हक्क नाही, हे पचायला जड जातं. वाण्याचं दुकान हललं तर दुसरा वाणी. पण आपल्या सासूला शेवटचं कुणी पाहिलं, आपलं तिसरं कसं राहिलं नाही, हे ज्याच्या एका वहीत आहे, त्याला 'दुकान' म्हणायला जीभ रेटत नाही. आणि 'आपला' म्हणावं तर भाडं तो भरतो.

भिंतीच्या कोपऱ्याशी भाभी येऊन उभ्या होत्या. मागच्या गल्लीतल्या, मुलानं दुधाची पिशवी आणायला पाठवलेल्या, पण पिशवी घेऊन आमच्याकडंच आलेल्या.

"तुम्ही काय म्हणता, भाभी? जावा का हायवेला?"

"आमचं काय," भाभी म्हणाल्या, "आमच्या घरचं ताबुताचं काम निघालं की दवाखाना हातासरशी लागतोच. बांबूवरनं कोण ना कोण घसरतंय. कुणाची बोटं कापत्यात. डाक्टर पळत येतोय, पैसं घेत न्हाई."

मोहरमला आमच्या गावात ताबुतांच्या भेटी होतात त्या बघायला लांबलांबून लोक येतात. शंभर फुटांच्या वर उंच, बांबूचे, काही मुसलमानांच्या घरचे, काही हिंदूंच्या. ते निघायचे म्हणून विजेच्या तारा उतरवतात. जी गल्ली रुग्णवाहिकेला अरुंद पडते, तीच त्या दिवशी ताबूत उचलणाऱ्या माणसांनी भरून जाते आणि तरी पुरते. कशी पुरते ते विचारू नका. आणि ताबुतांची बांधणीही उलटी, म्हणजे कळस आधी बांधतात, त्याच्याखाली एकेक मजला, आणि पाया सगळ्यात शेवटी.

"डाक्टरच्या ल्योकानं बी तसंच केलंय," भाभी पदराआड हसत म्हणाल्या. "काल म्या बघितलं वडापातनं येताना. हायवेला नुसता बोर्ड उभा हाय. ह्ये एवढा! खाली गवात. म्हशी चरत्यात."

"बोर्ड लागला?" अक्का.

"लागला की. डाक्टरच्या ल्योकाचं नाव, खाली ढीगभर अक्षरं."

"आन् ह्याचं नाव?"

"बारीक हाय. खाली कोपऱ्यात."

अक्का काही बोलल्या नाहीत. मग एकदम त्यांच्या ध्यानात काहीतरी आलं असावं, कारण त्यांनी वहिनींकडं मान वळवली.

"ती जागा कुणाची गं? म्हशी चरत्यात ती?"

वहिनींनी विरजणाच्या वाटीत पाहिलं. वाटी रिकामीच होती.

"आमच्या मोठ्या भावजींची," त्या हळूच म्हणाल्या. "पर अजून खरेदीखत कुटं झालंय..."

"अस्सं!" अक्कांचं 'अस्सं' भिंत ओलांडून रस्त्यापर्यंत गेलं. "म्हणून बरं झालं व्हय!"

"अक्का, देवाशपथ, पोराचं खरं हाय. त्या रात्रीचं..."

"न्हाई, पोराचं खरंच हाय. म्या कुटं खोटं म्हणते? पर गुंठ्याचं बी खरं हाय."

मी हसू दाबलं आणि मग ते माझ्याच घशात अडकलं, कारण आमच्या घरात गेल्याच आठवड्यात एक विषय निघाला होता. आमचे हे म्हणाले होते की हायवेला दवाखाना होणार असेल तर शेजारी एक गाळा घेऊन ठेवायला हरकत नाही, मेडिकलला भाड्यानं जाईल. म्हणजे बातमी दूधवाल्याच्या आधी आमच्या घरात आलेली होती. मला ती बातमी वाटलीच नव्हती. हे मी भिंतीवर सांगितलं नाही. इथं सांगतेय, कारण अक्का छापलेलं वाचत नाहीत आणि वहिनींनी वाचलं तरी त्या बोलणार नाहीत.

एवढ्यात रस्त्यानं कंपाउंडर सायकलवरून चाललेला दिसला. अक्कांनी त्याला अशी हाक मारली की त्यानं दोन्ही पाय जमिनीला टेकवले.

"का रं, हलतोय का दवाखाना?"

"मला काय म्हायती, अक्का. मला साहेबांनी एवढंच सांगितलं, बाकड्याला सुतार बघ. पाय बसवून रंगवून घे."

"हितल्यासाठी का तितल्यासाठी?"

"त्ये न्हाई सांगितलं."

"मंग इचार!"

"इचारतो," म्हणाला आणि सायकल मारली. तो विचारणार नाही हे त्याच्या पाठीवरूनच दिसत होतं.

यावर मग अर्धा तास. वहिनींचं म्हणणं, रंगवतायत म्हणजे नेणार, नव्या इमारतीत जुनं कशाला. भाभींचं म्हणणं, नव्या इमारतीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात एकमेकींना चिकटवलेल्या, बाकडं इथंच राहणार, म्हणजे डॉक्टरही सकाळचा तासभर इथं बसणार. तात्या बाजेवरून म्हणाले की बाकडं भंगारात चाललंय, रंगवलं की चार पैसे जास्त येतात. अक्कांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांनी पांघरूण तोंडावर घेतलं, भर उन्हात.

मग सुनेची हाक आली. अक्का वाकून नाहीशा झाल्या. शेवग्याची फांदी हलली आणि पुन्हा एकदा डोकं वर आलं.

"बाई, उद्या सकाळी नऊला नंबर लावायचाय. येता का?"

"परवाच तर तपासलीत की शुगर."

"तपासायची कुटं हाय? बसायचंय."